पार्श्वभूमी : ‘सागरी औषध’ म्हणायचे तरी कशाला?

समुद्रातून मिळालेल्या औषधांची कुठलीही यादी काढा, सुरुवातीलाच सायटाराबिन भेटते. रक्ताच्या कर्करोगावर १९६९पासून वापरात असलेले औषध. गंमत अशी, की ज्या स्पंजाच्या (समुद्रतळाला चिकटून राहणाऱ्या साध्या प्राण्याच्या) पुण्याईने ते यादीत आले, त्या स्पंजात सायटाराबिन सापडलेले नाही.

झाले ते असे. १९५०च्या सुमारास फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचा एक वाळवलेला स्पंज ॲसिटोनमध्ये उकळायला ठेवला होता. उकळत्या ॲसिटोनमध्येच स्फटिक धरू लागले. तपासल्यावर ते न्यूक्लिओसाइड निघाले, म्हणजे डीएनए-आरएनएच्या घटकांची भावंडे. फक्त रायबोज साखरेच्या जागी ॲराबिनोज. दोन्ही साखरांत फरक काय, तर एका हायड्रॉक्सिल गटाचे तोंड उलट्या बाजूला. अशी साखर बदलली की न्यूक्लिओसाइड शरीरात निरुपयोगी ठरतो, हा तोवरचा समज यातून मोडला. पुढे रसायनज्ञांनी साखर तीच ठेवून तिच्या जोडीचा बेस (न्यूक्लिओसाइडचा दुसरा भाग) बदलला आणि १९५९ मध्ये सायटाराबिन प्रयोगशाळेत तयार झाले. हा तोतया घटक कर्करोगाच्या पेशीत डीएनएच्या साखळीत शिरतो आणि साखळीची वाढ तिथेच अडते.

मग हे औषध समुद्राचे की काचेच्या चंबूतले? या प्रश्नावर अभ्यासकांत दोन तट आहेत. एकाचे म्हणणे, रेणू जसाच्या तसा सागरी जीवात मिळाला असेल तरच त्याला सागरी म्हणा. दुसऱ्याला कल्पना समुद्रातून आली एवढे पुरते. कडक कसोटी लावली तर यादी अगदीच आखडते. झायकोनोटाइड हे वेदनाशामक मात्र तीत बसते; ते एका समुद्री गोगलगायीच्या विषातले. शंकूच्या आकाराची ही गोगलगाय सोंडेतून पोकळ, टोकदार दात माशाच्या अंगात भाल्यासारखा मारते आणि मासा जागीच लुळा पडतो. त्या विषातले २५ अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड (प्रथिनासारखी छोटी साखळी) मज्जारज्जूतल्या वेदनेच्या संदेशाची वाट अडवते. औषध म्हणून २००४ मध्ये मान्यता मिळाली ती याच रचनेच्या कृत्रिम प्रतीला. पंपाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते, त्यामुळे वापर मोजकाच.

सैल कसोटीवाल्यांची अडचण वेगळी. १९४५ मध्ये सार्डिनियात सांडपाणी समुद्राला मिळते तिथल्या पाण्यातून एक बुरशी वेगळी केली गेली. सेफॅलोस्पोरिन प्रतिजैविकांचे सगळे घराणे तिच्यापासून सुरू झाले. तरी बहुतेक याद्यांत ते नसते, कारण ती बुरशी खास समुद्रातली नव्हे. प्रस्तुत लेखकाला ही पंगत जरा पक्षपाती वाटते : स्पंजात नसलेला रेणू आत, आणि समुद्राच्या पाण्यातून उचललेल्या बुरशीचा बाहेर.

शब्दाचा हा घोळ पुरवठ्याच्या अडचणीने आणखी वाढवला. कॅरिबियनमधल्या एका ट्युनिकेटचा (खडकांना वा मुळांना चिकटून राहणाऱ्या पिशवीसारख्या समुद्री प्राण्याचा) अर्क कर्करोगाविरुद्ध चालतो हे १९६९ मध्येच दिसले होते, पण त्यातून निघालेल्या ट्राबेक्टेडिनला युरोपात मान्यता मिळायला २००७ उजाडले. एक टन ट्युनिकेटमागे जेमतेम एक ग्रॅम औषध. शेवटी मार्ग निघाला तो वेगळ्याच एका जिवाणूकडून : त्याने तयार केलेल्या पदार्थापासून रासायनिक प्रक्रियेने औषध बनवायचे. मूळ ट्युनिकेटमध्येही हा रेणू प्राणी स्वतः बनवतच नाही, त्याच्या अंगात राहणारा दुसरा जिवाणू बनवतो, हे पुढे कळले.

हॅलिकॉन्ड्रिन-बी हा स्पंजातला कर्करोगविरोधी रेणू १९८६ मध्ये जपानमधून प्रसिद्ध झाला. त्याच्यासाठी न्यूझीलंडजवळ एक टन दुसऱ्या जातीचा स्पंज काढला, हाती आले सुमारे ३०० मिलिग्रॅम. तेव्हा रसायनज्ञांनी रेणूचा कामाचा अर्धा भाग तेवढा उचलला आणि साठहून अधिक टप्प्यांत तो प्रयोगशाळेत बांधला. हेच एरिब्युलिन, मान्यता २०१०. दुसऱ्याच वर्षी मान्यता मिळालेल्या ब्रेन्टुक्सिमॅब व्हेडोटिन या कर्करोगावरच्या औषधामध्ये प्रतिपिंडाला जोडलेले विष समुद्री सशात (गोगलगायीच्या जातकुळीतल्या एका मऊ प्राण्यात) सापडलेल्या एका रेणूच्या धर्तीवर बनवलेले आहे. आणि समुद्री सशाकडे तो रेणू येतो सायनोबॅक्टेरिया (सूर्यप्रकाशावर अन्न बनवणारे जिवाणू) खाल्ल्याने.

थोडक्यात, औषध जीवाचे, त्याच्या पोटातल्या जिवाणूचे की रसायनज्ञाचे, हे सांगणे दरवेळी अवघडच झाले. एरवी हा वाद परिषदांपुरता राहिला असता, पण आता त्यात पैसा आला आहे. देशाच्या हद्दीतल्या जीवापासून लाभ झाला तर त्या देशाला वाटा, ही चौकट २०१४ मध्ये अमलात आलेल्या नागोया प्रोटोकॉलची. कोणत्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या खुल्या समुद्रासाठीचा करार २०२३ मध्ये स्वीकारला गेला आणि जानेवारी २०२६ पासून लागू झाला. त्यात जीवाबरोबर त्याच्या जनुकीय क्रमाची डिजिटल माहितीही धरली आहे, म्हणजे पाण्यात हात न घालता केवळ संगणकावरचा क्रम वापरला तरी वाट्याचा प्रश्न उभा राहतो. वर आलेले स्पंज, ट्युनिकेट आणि गोगलगायी मात्र बहुतेक किनाऱ्याजवळच्या पाण्यातल्या, आणि त्यांचे पहिले नमुने गोळा झाले तेव्हा यातला एकही नियम अस्तित्वात नव्हता.