कंपॅटिबिलिटी मोड म्हणजे जुनं विंडोज नव्हे

जुना प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालेना, की सल्ला ठरलेला: राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, ‘विंडोज ९५’ निवडा. हे सगळ्यांना पाठ आहे. पण ते निवडलं की आत विंडोज ९५ चालू होतं, हा समज आता खरंच थांबायला हवा.

या मोडमध्ये विंडोज तेच राहतं. प्रोग्रॅमने आवृत्ती विचारली तर जुना आकडा सांगितला जातो आणि त्या काळच्या काही ठरावीक वागण्याची नक्कल केली जाते. आवृत्ती बघून अडून बसणाऱ्या प्रोग्रॅमला एवढं पुरतं. १६-बिट प्रोग्रॅमला नाही, आणि घोळ नेमका इथेच होतो. असे, म्हणजे विंडोज ३.१ च्या काळातले, प्रोग्रॅम चालवणारा विंडोजचा भाग, एनटीव्हीडीएम, ६४-बिट विंडोजमध्ये नाहीच. विंडोज ११ तर ३२-बिटमध्ये निघालंच नाही. जो भाग मुळात नाही, तो टिक केल्याने कुठून येणार? त्यातही एक मेख आहे. नव्वदच्या दशकातले बरेच प्रोग्रॅम स्वतः ३२-बिट, म्हणजे आजही चालण्याजोगे, पण त्यांचा इन्स्टॉलर १६-बिट. सेटअपच उघडत नाही आणि लोक प्रोग्रॅमला दोष देतात. ड्रायव्हरचंही (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) तेच: ६४-बिट कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, ३२-बिट ड्रायव्हर घेत नाही, तेव्हा जुन्या स्कॅनरसाठी कंपॅटिबिलिटीचे पर्याय बदलत बसू नका.

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये, मात्र खरोखरचं जुनं विंडोज बसतं, स्वतःच्या कर्नल आणि ड्रायव्हरसकट. व्हर्च्युअलबॉक्स या अशी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ३२-बिट विंडोज एक्सपी टाका, १६-बिट सेटअप उघडेल. त्यासाठी एक्सपीची सीडी आणि लायसन्स की हवी, रॅमही द्यावी लागते. विंडोज ७ साठी मिळणारा ‘एक्सपी मोड’ हेसुद्धा व्हर्च्युअल मशीनच होतं. त्या नावातल्या ‘मोड’ने गोंधळ आणखी वाढवला.

माझं मत स्पष्ट आहे. प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर चालत नाही असा एरर आला, तर कंपॅटिबिलिटीला हातही लावू नका, थेट व्हर्च्युअल मशीन करा. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला, म्हणून त्या व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क बंद ठेवा. कंपॅटिबिलिटीतलाच ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ हा प्रोग्रॅमला जादा अधिकार देणारा पर्याय कायमचा लावून ठेवणं मला अजिबात पटत नाही. प्रोग्रॅम स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहू पाहत असेल, तर तो ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या संरक्षित फोल्डरच्या बाहेर इन्स्टॉल करा. आणि डॉसचा गेम असेल, तर कंपॅटिबिलिटी आणि व्हर्च्युअल मशीन दोन्ही सोडा, डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स घ्या.