बारावीनंतरची अ‍ॅडमिशन, फी आणि स्कॉलरशिप : कागदं कधी काढायची, कुठं अडकतं

मोठीचं इंजिनिअरिंगचं अ‍ॅडमिशन 2024 ला झालं, यंदा धाकटा बारावीला आहे, त्यामुळे नातेवाईकांचे फोन सुरू झालेत की ताई काय काय कागद लागतात सांगा. म्हटलं एकदाच लिहून टाकते. हे महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या सीईटी (प्रवेश परीक्षा) आणि कॅप राउंडनं (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांनी) होणाऱ्या कोर्सचं आहे.

पहिली गोष्ट, निकालाची वाट बघत बसू नका. पैसे मिळायच्या योजना आहेत, पण कागद वेळेत नसतो म्हणून हातच्या जातात. त्यातल्या त्यात सगळ्यात वेळखाऊ म्हणजे जात पडताळणी, म्हणजे आपण व्हॅलिडिटी म्हणतो ती. एससी, एसटी, ओबीसी, व्हीजेएनटी (भटके विमुक्त), एसईबीसी (मराठा आरक्षण) अशा कुठल्याही राखीव जागेवर अ‍ॅडमिशन घ्यायची तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, व्हॅलिडिटी लागतेच. अकरावी बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज टाकायचा. त्याला वडील, आजोबा, चुलते यांचे शाळा सोडल्याचे दाखले लागतात, आणि जुना पुरावा किती जुना हवा हे जातीच्या प्रवर्गावर आहे : ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, व्हीजेएनटीला 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, एससीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी आधी झालेली असेल तर ती आधी मागून घ्या, भांडण असलं तरी चहाला जा, अर्धं काम तिथंच होतं.

दुसरं उत्पन्नाचा दाखला. हा तहसीलदारांचा लागतो, सेतूत किंवा आपले सरकार पोर्टलवरून अर्ज करायचा, सोबत रेशन कार्ड, आधार, तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, नोकरी असेल तर फॉर्म 16. साध्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते म्हणून अ‍ॅडमिशनसाठीचा एप्रिल उजाडल्यावरच काढा, पण जूनपर्यंत थांबू नका कारण जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते. ओबीसीसारख्या प्रवर्गांना लागणाऱ्या नॉन क्रिमीलेअर दाखल्याला तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं. आणि ईडब्ल्यूएस (ओपनमधले आर्थिक दुर्बल) प्रमाणपत्र म्हणजे उत्पन्नाचा दाखला नव्हे, ईडब्ल्यूएस फक्त राखीव जागेसाठी, स्कॉलरशिपला तहसीलदारांचा दाखला वेगळाच लागतो, यात निम्मे लोक गोंधळतात, मीपण गोंधळले होते. डोमिसाईल (रहिवासी दाखला) मात्र एकदाच काढायचं असतं, ते आत्ताच काढून ठेवा.

आता पैशाचं. ओपनमधल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, आपण सगळे ईबीसी म्हणतो. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत पाहिजे, मुलांना शिकवणी फीच्या आणि परीक्षा फीच्या 50 टक्के मिळतात, एका घरातल्या दोनच मुलांना, आणि शिक्षणात दोन वर्षांचा खंड नको. मुलींसाठी जुलै 2024 ला शासन निर्णय आला, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरातल्या 8 लाखांच्या आतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिकवणी आणि परीक्षा फी 100 टक्के माफ. आमच्या मोठीची अ‍ॅडमिशन चालू असताना मध्येच हा निर्णय आला आणि नवरा दोन दिवस कॅल्क्युलेटर घेऊन बसला होता! पण माफी शिकवणी आणि परीक्षा फीचीच, डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस घरचंच. धाकट्याच्या वेळी तर अर्धी फीपण आमच्याच खिशातून जाणार. एससी, एसटीला उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फी माफी.

या सगळ्यात एक अट आहे जी कुणी मोठ्यानं सांगत नाही. अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधून झालेली पाहिजे. आमच्या जाऊबाईंच्या मुलाला एका कॉलेजात सांगितलं की मॅनेजमेंट कोट्यातून घ्या, स्कॉलरशिप नंतर बसवून देऊ, आणि त्यांनी घेतली. बसली नाही अर्थातच. फी पूर्ण भरली, वर होस्टेल. तोंडी आश्वासनावर डीडी काढू नका.

मार्क चांगले असतील तर ऑप्शन फॉर्म भरताना टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे शिकवणी फी माफीच्या जागांचे कोड जरूर टाका, ज्यांच्या शेवटी टी असतो. मंजूर जागांच्या 5 टक्के जास्तीच्या जागा असतात, उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे, शिकवणी फी पूर्ण माफ. कटऑफ वर जातो आणि नंतर ब्रँच किंवा कॉलेज बदलता येत नाही, पण ओपनमधल्या मुलांना शिकवणी फीच्या पूर्ण माफीचा हाच एक रस्ता आहे.

महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलचा फॉर्म भरताना आधारला चालू मोबाईल लिंक पाहिजे, ओटीपी त्यावरच येतो. बँक खातं मुलाच्या नावाचं, आणि आधार लिंक वेगळं, सीडिंग (सरकारी पैसे कुठल्या खात्यात जमा व्हायचे ती नोंद) वेगळं, बँकेत जाऊन "डीबीटीसाठी सीडिंग करा" असं स्पष्ट बोला. आमच्या मोठीचे पैसे शाळेत असताना उघडलेल्या झिरो बॅलन्स खात्यात गेले कारण सीडिंग तिथंच राहिलं होतं, आम्ही दोन महिने नव्या खात्याचं पासबुक भरून घेत बसलो. नाव सगळीकडे सारखं आहे का तेही बघा, मार्कशीट, आधार, दाखला.

उरलेल्या रकमेला एज्युकेशन लोन. साडेसात लाखांपर्यंत साधारण तारण नाही, त्याच्या वर बँका तारण मागतात. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण, विनाजामीन कर्ज आहे, पण ठरलेल्या यादीतल्याच संस्थांसाठी आणि मेरिटवरच्या अ‍ॅडमिशनसाठी, मॅनेजमेंट कोटा तिथंपण बाद. उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असतानाच्या व्याजात 3 टक्के सवलत, मात्र दुसरी सरकारी स्कॉलरशिप घेत असाल तर ही सवलत मिळत नाही, तेव्हा दोन्हींचा हिशोब कागदावर मांडून काय घ्यायचं ते ठरवा. बँकेत जाताना अलॉटमेंट लेटर, कॉलेजच्या लेटरहेडवर चारही वर्षांची फी, मार्कशीट, आईबाबांच्या उत्पन्नाचे कागद आणि पॅन. पालक सहकर्जदार असतातच.

आणि सेकंड इयरला महाडीबीटीचा रिन्यूअल फॉर्म परत भरायचा असतो, कॉलेज आपोआप भरत नाही. कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर अर्ज पुढं गेला का हे विचारत राहा, बरेच अर्ज तिथंच पडून असतात.