लिथियमची रक्तपातळी

द्विध्रुवीय विकारासाठी, म्हणजे बायपोलर डिसऑर्डरसाठी, लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात ते किती आहे हे मोजणारी तपासणी. हा विकार ओळखणारी रक्ततपासणी मात्र नाही. निदान रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलूनच होते. कोणते औषध लागू पडेल हे सांगण्याचा दावा करणाऱ्या जनुकीय चाचण्या विकल्या जातात. त्या मुख्यतः यकृतात औषधाचे विघटन किती वेगाने होईल याचा अंदाज देतात. लिथियमचे यकृतात काहीच होत नाही. ते जसेच्या तसे लघवीवाटे जाते. त्यामुळे इथे त्यांचा उपयोग नाही.

ऑस्ट्रेलियात मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादावर, म्हणजे या विकारातल्या अति उत्तेजित अवस्थेवर, लिथियमचा गुण १९४९ मध्ये दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी लिथियम क्लोराइड वापरणारे काही जण दगावले. गुण देणारी आणि विषारी पातळी इतकी जवळ असल्याने मात्रा अंदाजाने ठरवता येत नाही. दीर्घकालीन उपचारात पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, तीव्र उन्मादात ०.८ ते १.०, वृद्धांत त्याहून कमी. १.५ च्या वर हात जोरात थरथरणे, उलट्या-जुलाब, जड जीभ, झोकांड्या असे प्रकार सुरू होतात आणि २ च्या वर जिवाला धोका असतो. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्याला याहून कमी आकड्यावरही विषबाधा होते, तेव्हा रिपोर्टपेक्षा लक्षणांवर विश्वास ठेवावा.

आकड्याला अर्थ येतो तो वेळेमुळे. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचे: रात्री ९ ला गोळी, सकाळी ९ ला रक्त, सकाळची गोळी त्यानंतर. नेहमीची चूक म्हणजे गोळी घेऊनच लॅबमध्ये जाणे. पातळी फुगलेली दिसते आणि मात्रा उगाच कमी होते. उपाशीपोटी जायची गरज नाही. मात्रा बदलल्यावर ५ ते ७ दिवस थांबावे, त्याआधी काढलेला आकडा कच्चा असतो. हिरव्या झाकणाच्या नळीत बहुधा लिथियम हेपरिन हे रक्त गोठू न देणारे रसायन असते. तीत रक्त घेतले तर लिथियम कधीच न घेतलेल्याची पातळीही १ च्या वर दिसू शकते. लाल किंवा पिवळे झाकण चालते.

मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखेच वागवते. शरीरात मीठ-पाणी कमी पडले की ते दोन्ही धरून ठेवते. म्हणून जुलाब, उन्हाळ्यातला घाम, निर्जळी उपवास किंवा रक्तदाबासाठी एकदम मीठ तोडणे यांनी पातळी चढते. गुडघेदुखीवर दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणि रक्तदाबाची काही औषधे यांनीही चढते. रोजची चहा-कॉफी अचानक सोडली तरी फरक पडतो.

पातळी स्थिर होईपर्यंत दर आठवड्याला, मग तीन महिन्यांनी तपासतात. सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियमही (ते सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींसाठी) पाहतात, कारण लिथियम या तिन्हींना त्रास देऊ शकते. टीएसएच वाढले, म्हणजे थायरॉइड मंदावले, म्हणून लिथियम सहसा बंद करत नाहीत. थायरॉक्सिन या थायरॉइड संप्रेरकाची गोळी जोडतात.