नाशिकचा चैत्र आणि गाण्याचे क्लास : पार्श्वभूमी

फाल्गुन सरत आला की नाशिकमधल्या गाण्याच्या क्लासच्या फलकावर कागदांची दाटी होते. पाडव्याच्या सरावाच्या वेळा, रामनवमीच्या उत्सवात हजेरी लावणाऱ्यांची यादी, एप्रिल-मेच्या परीक्षेची सूचना, मागच्या सत्रात विशारद झालेल्यांचे अभिनंदन. त्याच फलकाच्या कोपऱ्यात कुणाची जुनी पेटी विकायची असते, आणि तबल्याची पुडी, म्हणजे वरचे चामडे, बदलून देणारा कारागीर कधी येणार तेही लिहिलेले असते. शहरात संगीत शिकणाऱ्यांचे वर्ष खऱ्या अर्थाने या दोन-तीन महिन्यांत उघड्यावर येते. एरवी बंद खोलीत चाललेले पलटे आणि ताना गावाच्या कानावर पडतात त्या याच दिवसांत.

ही रीत नाशिकला कशी पडली, याचे उत्तर पंचवटीत सापडते. देवळातल्या चैत्री उत्सवाची सेवा ही तिची एक बाजू, आणि विष्णु दिगंबर पलुस्करांनी घालून दिलेली विद्यालयाची शिस्त ही दुसरी. दोन्ही एकाच परिसरात भेटल्या, हे नाशिकचे भाग्य.

सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काळाराम मंदिर बांधले, रामशेजच्या डोंगरातला काळा दगड आणून. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून तिथे वासंतिक नवरात्र बसते, नवमीला रामजन्म आणि कामदा एकादशीला रथ. या दिवसांत सभामंडपात कीर्तन, प्रवचन, गायन चालते. इथे गाणाऱ्याने बिदागी मोजायची नाही, हजेरी लावायची, असा रिवाज. नवख्या गायकाला याचा फायदा असा, की समोर बसलेली मंडळी देवासाठी आलेली असतात. एखादी तान हुकली तर कुणी भुवया उंचावत नाही, आणि अभंग रंगला तर आजीबाई ताल धरतात. पहिल्यांदा माइकसमोर बसणाऱ्या मुलीला याहून मायेचा श्रोता मिळायचा नाही, असे माझे ठाम मत आहे.

पण देवळातली सेवा म्हणजे शिक्षण नव्हे. ते पूर्वी गुरूच्या घरी व्हायचे आणि तिथे शिरकाव मिळणे हेच मोठे काम असे. ही चौकट ज्यांनी बदलली ते पलुस्कर १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली आणि शाळेचा रस्ता बंद झाला. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांची तालीम सुरू झाली. बुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली होती, आणि ती कष्टाने मिळवलेली असल्यामुळे देतानाही ते कसून घेत. मिरजेत एका समारंभाचे बोलावणे पलुस्करांना आले, आणि कलावंत म्हणून त्यांच्या गुरूंना मात्र कुणी विचारले नाही. तो अपमान त्यांच्या मनाला लागला, असे सांगतात. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

पुढची पाच वर्षे उत्तरेत भटकंती. या काळात त्यांनी तिकीट लावून जाहीर गाणे केले. आज यात काही वाटणार नाही, पण तेव्हा गाणे राजवाड्यात, देवळात किंवा कोठीवर होई. चार आणे देऊन कुणीही यावे आणि खुर्चीवर बसून ऐकावे, ही कल्पनाच नवी होती. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयावर न विसंबता लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालणारी ही संस्था. ठरावीक वेळ, ठरावीक फी, लेखी अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी. होतकरू मुलांसाठी उपदेशक वर्ग होता. त्यात राहायचे, जेवायचे, शिकायचे आणि ठरलेली वर्षे संस्थेला द्यायची. १९०८ मध्ये मुंबईला शाखा निघाली आणि पुढे तिथेच मुख्य काम सरकले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही मंडळी याच मुशीतली.

मुंबईत सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची इमारत उभी राहिली, पण कर्जावर. मैफली करून पैसे उभे करायचे आणि हप्ते फेडायचे, हे गणित जमले नाही. इमारत लिलावात गेली. विसाव्या शतकाच्या विसाव्या वर्षानंतरच्या त्या काळात पलुस्करांचा ओढा रामभक्तीकडे वाढत गेला होता, अंगावर भगवी वस्त्रे आली होती. ते नाशिकला आले आणि पंचवटीत त्यांनी रामनाम आधाराश्रम काढला. चरित्रकार हा भाग बहुतेक वेळा चटकन उरकतात, जणू संस्थाचालकाचा पराभव आणि मग वैराग्य. मला तसे वाटत नाही. आश्रमात शिष्य होते, गाणे होते, तुलसीरामायणावर गात केलेली प्रवचने होती. मुंबईच्या सभागृहात तिकीट काढून येणारा श्रोता आणि रामासाठी आलेला यात्रेकरू, दोघांसमोर एकच माणूस तितक्याच निष्ठेने गायला. देवळातले गाणे आणि विद्यालयातले गाणे यांतली भिंत नाशिकने फार उंच होऊ दिली नाही, त्याचे एक कारण हा आश्रम आहे.

पलुस्करांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे बापूराव, यांचा जन्म १९२१ चा. वडील २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला वारले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. पुढे विनायकराव आणि नारायणराव यांच्याकडे ते शिकले आणि वयाच्या चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायले. २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले. त्यांची ध्वनिमुद्रणे आजही क्लासमध्ये वाजवून दाखवतात. ख्याल असो की रामाचे भजन, प्रत्येक अक्षर स्वच्छ आणि आवाज कुठेही ओढलेला नाही. पंचवटीतल्या इंद्रकुंडावरच्या सभागृहाला पलुस्करांचे नाव आहे. मुलांना तिथे गाण्याआधी ते नाव कुणाचे आहे हे सांगायला हवे. अनेकांना माहीत नसते.

विष्णु दिगंबर वारले त्याच वर्षी, १९३१ मध्ये, शिष्यांनी अहमदाबादला एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. पुढच्या वर्षी, ८ मे १९३२ रोजी, विनायकरावांनी पुण्याचे गांधर्व महाविद्यालय सुरू केले. मंडळाच्या परीक्षा म्हणजे आज गल्लोगल्लीच्या क्लासचा कणा. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद यांची प्रत्येकी दोन वर्षे, आणि त्यानंतर अलंकार. वर्षात दोन सत्रे : एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. शाळेची वार्षिक परीक्षा संपते आणि गाण्याची सुरू होते. वरच्या परीक्षांना मंचप्रदर्शन असते, म्हणजे परीक्षकासमोर मैफलीसारखे बसून गायचे. त्याची भीती मोडायची तर आधी कुठेतरी चार लोकांत गायला हवे. चैत्रातले कार्यक्रम क्लासला इतके महत्त्वाचे का, याचे व्यवहारी उत्तर हेच.

शिक्षणाची ही पद्धत जवळून पाहायची असेल तर विद्यार्थ्याची वही उघडावी. पलुस्करांनी स्वतःची स्वरलिपी, म्हणजे गाणे कागदावर लिहिण्याची पद्धत, तयार केली, पंडित भातखंड्यांनी त्यांची वेगळी. भातखंडे पद्धतीत समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली आणि खालीला (जिथे टाळी द्यायची नाही तिथे) शून्य. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला अधिकचे चिन्ह. भातखंडे मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, स्वराच्या खाली बिंदू देतात, पलुस्कर मंद्र स्वराच्या डोक्यावर. पलुस्करांकडे मात्रेचा हिशेब स्वराखालच्या खुणांनी होतो : एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला छोटे वर्तुळ, पाव मात्रेला वाटीसारखी कमान. बहुतेक क्लासमध्ये बंदिश लिहिताना भातखंडे पद्धतच वापरतात, कारण ती लिहायला सोपी. पण परीक्षेच्या लेखी पेपरात दोन्हींची तुलना विचारतात. मार्चच्या शेवटी मध्यमाच्या मुली एकच बंदिश दोन्ही प्रकारे लिहून काढतात आणि मंद्र निषादावरचा बिंदू नेमका चुकीच्या बाजूला पडतो. बाई लाल पेनाने तो खोडतात आणि सांगतात, "अगं, आधी गाऊन बघ, मग लिही." पलुस्करांना लिपी हवी होती ती गाणे टिकावे म्हणून, गाण्याची जागा घेण्यासाठी नव्हे. चांगले शिक्षक अजून त्याच क्रमाने शिकवतात.

आता गोदावरीच्या घाटाबद्दल, जिथे पाडव्याचे गाणे होते. उघड्यावर, फुकट, पथारीवर बसून ऐकण्याची सवय नाशिकला व्याख्यानांनीही लावली. न्यायमूर्ती रानडे निफाडला जन्मलेले. त्यांनी १८७५ मध्ये पुण्याला वसंत व्याख्यानमाला सुरू केली. नाशिकची वसंत व्याख्यानमाला शंभरी ओलांडून गेली आहे आणि मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर ती ऐकायला माणसे जमतात. पावसाळ्यात हाच काठ पाण्याखाली असतो. पूर किती चढला हे नाशिककर नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी आले त्यावरून सांगतात. म्हणून आषाढातली गुरुपौर्णिमा नेहमी सभागृहात आणि चैत्रातला पाडवा घाटावर.

पाडव्याच्या निमित्ताने गोदाघाटावर जो मोठा सोहळा होतो, त्यात ढोलपथकांचे महावादन, महारांगोळी आणि त्याबरोबर 'अंतर्नाद' असतो. शहरातले वेगवेगळे गायन, वादन आणि नृत्याचे वर्ग एका मंचावर येऊन सादरीकरण करतात. एरवी एका क्लासची मुले दुसऱ्या क्लासची पायरी चढत नाहीत. इथे मात्र सगळ्यांना एकच पट्टी ठरवावी लागते, एकच लय धरावी लागते, आणि ठेका कोणत्या सरांचे विद्यार्थी धरणार हे आधी बसून मिटवावे लागते. पाडवा पटांगणावरची ही एकत्र तालीम मला प्रत्यक्ष कार्यक्रमाइतकीच मोलाची वाटते.

उघड्यावरच्या कार्यक्रमात तबलजीचे हाल वेगळे. पहाटे नदीवरून गारवा असतो, पुडी सैल पडते, स्वर उतरतो. हातोडीने गजरा, म्हणजे पुडीची विणलेली कड, ठोकून तबला सुरात आणावा, तर ऊन वर येताच चामडे ताणते आणि स्वर चढू लागतो. दोन गाण्यांच्या मध्ये गायिका बोलत असते तेव्हा मागे हळूच हातोडी चाललेली असते ती यामुळे. कार्यक्रमाच्या बातमीत गाणाऱ्यांची नावे येतात, साथीला तबल्यावर आणि पेटीवर कोण होते ते पुष्कळदा गळते. ते येऊ नये असे कुणाच्या मनात नसते, पण होते तसे, आणि ते थांबायला हवे.

रागांचा ऋतूही याच दिवसांत जमतो. वसंत हा रात्रीच्या उत्तर प्रहरातला राग, पण वसंत ऋतूत तो केव्हाही गायला चालतो, बहारचेही तसेच. म्हणून सकाळच्या कार्यक्रमात एरवी न शोभणारी बहारमधली बंदिश चैत्रात खुशाल म्हणतात.

एवढ्यावर ही पार्श्वभूमी पुरी होत नाही. ज्या चैत्री उत्सवाचा वर उल्लेख केला, त्याचे दार सगळ्यांना उघडे नव्हते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे चालवला. त्याच चैत्रात, ९ एप्रिलला, रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. सभामंडपातल्या गायनसेवेविषयी लिहिताना तो मंडप कुणाला बंद होता हे गाळले, तर लिहिणे खोटे ठरते. आणि त्या बंद दारापुढून गाण्याची आणखी एक मोठी धारा वाहिली. नाशिक जिल्ह्यातल्याच भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसा, म्हणजे गाण्यांतून प्रबोधन करणारा कार्यक्रम, गावोगाव नेला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक, जन्म १५ ऑगस्ट १९२२, यांनी आयुष्यभर गाणी लिहिली आणि स्वतः गायली. १५ मे २००४ रोजी नाशिकलाच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या गाण्यांनी तयार झालेला मंच १४ एप्रिलला शहराच्या चौकाचौकांत उभा राहतो. तिथे ढोलकी, पेटी आणि बुलंद आवाज असतो. परीक्षा नसते, प्रमाणपत्र नसते, तरी तालीम असते, ती वस्तीत आणि घरात. गांधर्वच्या परीक्षा देणाऱ्या काही मुली या मंचावरही गातात. क्लासच्या एप्रिलच्या यादीत भजनाशेजारी वामनदादांचे गाणे यायला काहीच हरकत नाही. स्वर तेच आहेत, आणि शब्द पोचवण्याची शिकवण पलुस्करांचीही होती. रामधुनीला त्यांनी दिलेली चाल हजारोंच्या घोळक्याला सहज म्हणता येते, ती याच हेतूने.

पलुस्करांच्या नावावर एक विचार नेहमी सांगतात : विद्यालयातून तानसेन निघाले नाहीत तरी कानसेन निघावेत. नाशिकच्या क्लासच्या फलकावर जी नावे दरवर्षी येतात त्यांतली बहुतेक पुढे इंजिनिअर, शिक्षिका, बँकेतली नोकरदार होतात. पेटी माळ्यावर जाते. पण पाडव्याच्या पहाटे पोराला घेऊन घाटावर येणाऱ्यांत आणि कालिदास कलामंदिरात तिकीट काढून बसणाऱ्यांत हेच लोक असतात. कार्यक्रमाचा खर्च निघतो तो यांच्यावर. विशारद अर्धवट सुटलेली एखादी आई मुलीला प्रारंभिकला बसवते आणि स्वतःही पुन्हा मध्यमापासून सुरू करते, असेही घडते, आणि परीक्षा केंद्राबाहेर आई-मुलगी दोघी एकाच बाकावर बसून हातावर दुगुन, म्हणजे दुप्पट लय, मोजत असतात.

मेमध्ये परीक्षा उरकतात, क्लासला सुट्टी लागते. ज्येष्ठात नव्या मुलांचे प्रवेश सुरू होतात आणि गुरुपौर्णिमेसाठी सभागृहाच्या तारखेची धावपळ लागते, कारण तोवर गोदेला पाणी येऊ लागलेले असते.