हिल-अ‍ॅडमसनची सॉल्ट प्रिंट मागवण्यापूर्वी

“फोटो धूसर आलाय, बदलून द्या.” प्रिंट घरी पोचली की हा फोन ठरलेला. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन या स्कॉटलंडच्या जोडीने १८४०च्या दशकात काढलेली चित्रं आम्ही त्यांच्याच जुन्या पद्धतीने, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कागदावर छापून देतो; तीच सॉल्ट प्रिंट. म्हणून हे पत्रक.

घोळ ऑर्डर देतानाच होतो. चित्र मोबाइलवर पाहिलं जातं. दोन बोटांएवढ्या चौकटीत ते लख्ख दिसतं आणि तिथंच “ओके” येतं. आम्ही पाठवतो त्या नमुना पट्टीकडे मात्र कुणी बघतच नाही. मग तेच चित्र साधारण २० × १५ सेंटिमीटरच्या कागदावर हातात आलं की कडा विरघळल्यासारख्या वाटतात. प्रिंट परत येते, आम्ही तपासून पुन्हा तीच पाठवतो आणि दोघांचे आठवडे वाया जातात.

त्या कडा तशाच असायच्या. एडिनबराच्या कॅल्टन टेकडीवर, रॉक हाउसमध्ये, १८४३ पासून रॉबर्ट अ‍ॅडमसन कॅमेरा सांभाळत होता आणि चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल माणसं बसवून घेत होता. जानेवारी १८४८ मध्ये अ‍ॅडमसन २६व्या वर्षी गेला, तोवर दोघांनी सुमारे ३००० चित्रं केली. त्यांची निगेटिव्ह कागदाची असे. प्रकाश त्या कागदातून खाली उतरताना त्याचे तंतूही उमटवतो. प्रिंटचा कागदही मिठाच्या पाण्यात भिजवून वर सिल्व्हर नायट्रेट फिरवलेला, त्यामुळे चित्र कागदात मुरतं. चकाकी शोधू नका, नाही सापडणार.

“जरा शार्प करून द्या ना.” करत नाही. कॉम्प्युटरवर शार्प केलं की आधी तंतू ठळक होतात, डोळे नंतर. रंगही भरून देत नाही. आम्हाला हट्टी म्हणा, चालेल.

माणसांना भर उन्हात मिनिटभर, कधी जास्तही, स्थिर बसावं लागे. खुर्च्या, पडदे, पुस्तकं बाहेर अंगणात मांडून दिवाणखान्याचा देखावा उभा केला जाई. तरी एडिनबराजवळच्या न्यूहेवन या कोळ्यांच्या गावातल्या कोळणींचे फोटो नीट पाहा: चेहरा मऊ आलाय, पण परकराचे पट्टे मोजता येतात. गळाची दोरी हातात घेतलेला विली लिस्टनही त्याच गावचा. आमचं मत विचाराल तर पहिली प्रिंट न्यूहेवनचीच घ्या.

रेखीवपणाच हवा असेल, तर इमारती बघा. एडिनबरातलं, तेव्हा बांधकाम चालू असलेलं लेखक वॉल्टर स्कॉटचं स्मारक किंवा तिथल्याच ग्रेफ्रायर्स दफनभूमीतली थडगी. दगड हलत नाही. आकाश मात्र कोरंच येणार, कारण या रसायनावर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होतो.

या मूळ प्रती नव्हेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनसारख्या संग्रहालयांनी खुल्या वापरासाठी दिलेल्या फाइलींवरून आम्ही निगेटिव्ह काढतो आणि प्रत्येक प्रिंट हाताने करतो. म्हणून दोन प्रिंटच्या तपकिरीत फरक पडतो, एखादी जांभळट झाकही मारते. प्रिंट उन्हात उमटवतो; पावसाळ्यात पुण्यात ऊन भरवशाचं नसतं, तेव्हा यूव्ही (अतिनील) दिवा वापरतो.

नमुना पट्टी मोफत आहे. ती हातात धरून, दिवसाच्या उजेडात बघा आणि मगच होकार कळवा. फ्रेमवाला प्लायवर गोंदाने चिकटवायला निघाला तर त्याला थांबवा. काच आणि प्रिंटमध्ये माउंटची, म्हणजे प्रिंटभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट हवीच, नाहीतर दमट हवेत प्रिंट काचेला धरते. माउंट आमच्याकडे कापून मिळतो, प्रिंटसोबत मागवलात तर वेगळं कुरिअर पडत नाही.