आश्रमशाळा (महाराष्ट्रातील आदिवासी निवासी शिक्षण)

आदिवासी मुलामुलींना निवास, जेवण, कपडे, वह्यापुस्तके आणि शिक्षण विनामूल्य देणारी शाळा. महाराष्ट्रात या शाळा राज्याच्या आदिवासी विकास विभागाकडे आहेत. विभाग स्वतः चालवतो त्या शासकीय आणि स्वयंसेवी संस्था सरकारी अनुदानावर चालवतात त्या अनुदानित. शासकीय आश्रमशाळा सुमारे 500 आहेत, अनुदानित साडेपाचशेच्या घरात, आणि दोन्हींत मिळून चार लाखांहून अधिक मुले शिकतात. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या मुलांसाठीही आश्रमशाळा आहेत. त्या वेगळ्या विभागाकडे असल्याने इथे त्यांचा विचार केलेला नाही.

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या 1 कोटी 5 लाख, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या 9.35 टक्के होती. राज्याची साक्षरता 82 टक्क्यांवर असताना आदिवासींची 66 टक्क्यांच्या आसपास होती. ही दरी का पडली ते सातपुड्यात किंवा भामरागडमध्ये गेले की कळते. पाडे डोंगरउतारावर विखुरलेले, एकेका पाड्यावर दहा-वीस घरे, मध्ये ओढे आणि नाले. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो, आणि असे जवळपास दर पावसाळ्यात होते. शिक्षणहक्क कायद्याने पहिलीच्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा सांगितली आहे. पण दहा घरांच्या पाड्यावर पूर्ण शाळा उभी राहत नाही, आणि राहिली तरी शिक्षक तिथे टिकत नाही. दुसरे कारण स्थलांतराचे. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर, ऊसतोडीला किंवा रेती काढायला निघाले की मूलही सोबत जाते आणि त्याचे वर्ष बुडते. मूल शाळेच्या आवारातच राहिले तर हे दोन्ही प्रश्न सुटतील, असा आश्रमशाळेमागचा हिशेब आहे.

पूर्वेतिहास

ही कल्पना सरकारची नाही. अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्कर बाप्पा, यांनी 1922 मध्ये दाहोद भागात भील सेवा मंडळ स्थापन केले आणि भिल्लांच्या मुलांसाठी आश्रम काढले. त्याच धर्तीवर मुंबई इलाख्यात पुढे कामे उभी राहिली. नाशिक जिल्ह्यात दादासाहेब बिडकरांचे डांग सेवा मंडळ 1937 चे. ठाणे जिल्ह्यात बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने 1940 मध्ये आदिवासी सेवा मंडळ सुरू झाले आणि आचार्य भिसे यांनी त्या कामात आयुष्य घातले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला जे प्रयोग केले ते निवासी नव्हते, तरी या इतिहासात त्यांचे स्थान मोठे आहे. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यांनी अंगणात आणि गुरे चरायच्या कुरणात वर्ग भरवून दाखवले. वारली मुलांना शंख-शिंपले, बिया, पाने हेच शैक्षणिक साहित्य पुरते, हेही त्यांनीच सिद्ध केले. पुढच्या काळात सरकारने आश्रमशाळा भराभर वाढवल्या, पण कुरणशाळेचा धडा मागेच राहिला.

संस्थांना अनुदान देण्याची आश्रमशाळा योजना 1953-54 मध्ये सुरू झाली. 1972-73 पासून सरकारने क्षेत्रविकासाच्या धोरणाखाली स्वतःच्या आश्रमशाळा काढायला घेतल्या. 1975-76 मध्ये आदिवासी उपयोजना आली, 1983 मध्ये आदिवासी विकासाचा स्वतंत्र विभाग झाला. आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात राज्याच्या योजनेतला निधी बाजूला काढून तो या विभागाच्या हाती द्यावा, ही द. म. सुकथनकर समितीची शिफारस 1993-94 पासून अमलात आली. आश्रमशाळांच्या वाढीमागे या निधीचे बळ आहे. घटनेच्या 46 व्या कलमात दुर्बल घटकांच्या शिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. 275(1) या कलमाखाली केंद्राचे अनुदानही मिळते.

कारभार

आयुक्तालय नाशिकला, त्याखाली ठाणे, नाशिक, अमरावती आणि नागपूर येथे अपर आयुक्त, त्यांच्याखाली धारणी, किनवट, तळोदा, जव्हार, डहाणू, अहेरी अशी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये. गावात या कार्यालयाला नुसते ‘प्रकल्प’ म्हणतात. मुख्याध्यापकाला शिक्षकाची रजा, मुलांची गादी, मोटारपंपाची दुरुस्ती या सगळ्यांसाठी प्रकल्पाची वाट धरावी लागते.

शाळेत शिक्षकांबरोबर अधीक्षक आणि अधीक्षिका असतात. मुलांचे राहणे, आजारपण, रजेवर सोडणे आणि रात्रीची देखरेख त्यांच्याकडे. स्वयंपाकी, कामाठी, सफाईगार, चौकीदार हा बाकीचा आधार. शाळा पहिलीपासून सुरू होतात. काही सातवीपर्यंत, बऱ्याच दहावीपर्यंत, आणि काहींना कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले. अनुदानितांमध्ये आठवीच्या पुढच्या शाळांना उत्तर बुनियादी आश्रमशाळा असे नाव आहे.

जूनमध्ये पहिलीतले पोर पत्र्याची पेटी घेऊन येते. पेटीत दोन-तीन कपडे, घरून दिलेला खाऊ, कधी मोहाच्या नाहीतर भाजलेल्या मक्याच्या पुरचुंडीसारखे काहीतरी. बाप मुक्कामाला थांबतो आणि दुसऱ्या दिवशी मूल खेळात असताना निघून जातो. पहिला आठवडाभर रात्री रडण्याचे आवाज येतात, आणि त्या रडण्याला मुलाच्या भाषेत उत्तर देणारे माणूस तिथे आहे की नाही, यावर ते मूल टिकते की पळून जाते हे बरेचसे ठरते. बऱ्याचदा हे काम थोरली बहीण किंवा त्याच पाड्यावरची सहावीतली मुलगी करते. दिवाळी, होळी आणि मे महिन्याच्या सुट्टीनंतर मुले परतत नाहीत, तेव्हा शिक्षक मोटारसायकलवर पाडे पालथे घालून त्यांना आणतात. विभागाच्या कागदावर या कामाला जागा नाही, पण आश्रमशाळेचा पट त्यावरच उभा आहे.

बऱ्याच शाळांना आज पक्की इमारत आहे. तरी कित्येक वर्षे, आणि काही ठिकाणी अजूनही, ज्या खोलीत दिवसा वर्ग भरतो त्याच खोलीत रात्री सतरंज्या अंथरून मुले झोपतात. संध्याकाळी बाके भिंतीला लावली जातात, पेट्या उशाशी येतात. नळाला पाणी नसले की ओढ्यावर किंवा विहिरीवर आंघोळ, आणि मुलींच्या न्हाणीघरांना कडी नसणे ही जुनीच तक्रार. निवासी शाळेतली पहिली सोय निवासाची असली पाहिजे. इथे बांधकाम विभागाच्या यादीत ती वर्गखोल्यांच्या मागे राहिली.

भाषा

मूल घरी माडिया, गोंडी, कोरकू, कोलामी, पावरी, भिली किंवा वारली बोलते आणि शाळेत पहिल्या तासापासून प्रमाण मराठी ऐकते. मेळघाटातल्या पहिलीच्या वर्गात शिक्षकाने विचारलेल्या प्रश्नाला शांतता हेच उत्तर मिळते, आणि ती शांतता मंदबुद्धीची खूण समजली गेली की त्या मुलाच्या शाळेतल्या आयुष्याला तिथेच उतार लागतो. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने (स्थापना 1962) आदिवासी भाषांतून शैक्षणिक पुस्तिका तयार केल्या आहेत. त्या वापरायला ती भाषा येणारा शिक्षक वर्गात हवा, आणि बदल्यांच्या यादीत भाषेचा रकाना नसतो.

वेगळ्या वाटा काढणारी उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाने 1976 मध्ये माडिया मुलांसाठी आश्रमशाळा सुरू केली; डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्या दवाखान्याइतकीच ती शाळा त्या भागात मोलाची ठरली, कारण तिथे शिकलेली मुले डॉक्टर, शिक्षक, वकील होऊन परतली. नर्मदेच्या बुडीत क्षेत्रात नर्मदा बचाव आंदोलनाने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडीपासून जीवनशाळा काढल्या. त्यांत पाड्यावरचेच तरुण पावरी आणि भिलीतून शिकवत आणि घर बांधणाऱ्या हातांनीच शाळाही बांधली जाई. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मान्यता नसल्याच्या कारणाने 2022 मध्ये शिक्षण विभागाने तिला बेकायदा ठरवले. ज्या जिल्ह्यात ग्रामसभेच्या वनहक्कांचा देशभर गौरव होतो, तिथेच ग्रामसभेच्या शाळेला परवानगीची दारे बंद व्हावीत, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे.

आरोग्य आणि सुरक्षितता

आश्रमशाळांचा सर्वांत दुखरा विषय मुलांच्या मृत्यूंचा आहे. तत्कालीन राज्यपाल सी. विद्यासागर राव यांच्या सूचनेवरून 2016 मध्ये डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मागच्या सुमारे पंधरा वर्षांत एक हजाराहून अधिक मुले दगावल्याचे तिच्या कामातून पुढे आले. ताप, सर्पदंश, बुडणे, अपघात अशी कारणे नोंदलेली. पुष्कळ मृत्यूंचे कारण धड लिहिलेलेच नव्हते. साप चावतो तो जमिनीवर झोपलेल्या मुलाला. ताप अंगावर निघतो तो रात्री, जेव्हा अधीक्षक मुक्कामी नसतो आणि दवाखाना वीस-पंचवीस किलोमीटरवर असतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण या जमातींमध्ये अधिक आहेत; ज्या मुलाची तपासणी वेळेवर झालेली नाही त्याचे अंग दुखणे अभ्यास टाळण्याचा बहाणा ठरते.

त्याच वर्षी बुलढाणा जिल्ह्यातील एका अनुदानित आश्रमशाळेत मुलींवर झालेले लैंगिक अत्याचार उघड झाले आणि राज्य हादरले. मुलींच्या निवासाची जबाबदारी अधीक्षिकेवर असते. ते पद रिकामे असले किंवा अधीक्षिका तिथे राहत नसली तर मुलींच्या बाजूने बोलणारे कोणी उरत नाही. सहा वर्षांच्या मुलीने तक्रार कोणाकडे करायची, आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न तक्रारपेटी लावून सुटत नाही.

जेवणाच्या बाबतीत सुधारणा झाली आहे. पातळ वरण आणि भात यांच्या जागी आता ठरलेल्या आहारात दूध, अंडी, केळी, उसळी, पोळी आहे. इगतपुरी तालुक्यातील मुंढेगाव आणि पालघर जिल्ह्यातील कांबळगाव येथे मध्यवर्ती स्वयंपाकघरे उभारून अनेक शाळांना गाडीने जेवण पोचवण्याची पद्धतही आली. तिचा फायदा स्वच्छतेत आणि हिशेबात दिसतो. मात्र एका ठिकाणी बिघडले की सगळीकडे बिघडते: ऑगस्ट 2024 मध्ये डहाणू प्रकल्पातील अनेक आश्रमशाळांत एकाच वेळी शेकडो मुलांना विषबाधा झाली. शिवाय शाळेतली चूल बंद झाली की रात्री भूक लागलेल्या लहान मुलाला भाकरीचा तुकडा देणारी स्वयंपाकीणही दूर होते.

कर्मचारी

रोजंदारी आणि तासिका तत्त्वावरील शिक्षक व वर्ग चारचे कर्मचारी वर्षानुवर्षे या शाळा चालवत आले. 2025 मध्ये बाह्यस्रोतातून, म्हणजे कंत्राटदार कंपनीमार्फत, भरती करण्याचा निर्णय झाला तेव्हा त्यांनी नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बायकापोरांसह मुक्काम ठोकला. हे बिऱ्हाड आंदोलन म्हणून ओळखले जाते. दहा-पंधरा वर्षे मुलांच्या ओळखीची असलेली माणसे बदलली जाणे हे निवासी शाळेत साध्या शाळेपेक्षा जास्त लागते.

चांगल्या मार्गदर्शनाने ही मुले काय करतात याचे एक उदाहरण: मिशन शौर्य या उपक्रमात मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले.

इतर शाळा आणि साहाय्य

केंद्राने 1997-98 पासून एकलव्य आदर्श निवासी शाळा सुरू केल्या. सहावी ते बारावी, 480 विद्यार्थी, निम्म्या जागा मुलींना, प्रवेश परीक्षेने. आदिवासींची संख्या 50 टक्क्यांहून जास्त आणि किमान 20,000 असलेल्या प्रत्येक तालुक्यात अशी शाळा काढण्याची घोषणा 2018-19 च्या अर्थसंकल्पात झाली. इमारती आणि मैदाने आश्रमशाळांपेक्षा उजवी आहेत. पण 2023 पासून शिक्षकभरती देशपातळीवर होत असल्याने उत्तरेकडून आलेल्या शिक्षकांना ना मराठी येते ना मुलांची भाषा. याशिवाय 2010-11 पासून शहरांतील नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत सरकार शुल्क भरून आदिवासी मुलांना पाठवते. सहा वर्षांचे मूल घरापासून दोनशे किलोमीटरवर पाठवण्याची ही योजना आकर्षक वाटते, तिची किंमत मात्र मूल आणि त्याची आई मोजतात.

घरी राहून शिकणाऱ्यांसाठी सुवर्णमहोत्सवी पूर्वमाध्यमिक शिष्यवृत्ती आहे: पहिली ते चौथीला वर्षाला 1,000, पाचवी ते सातवीला 1,500 आणि आठवी ते दहावीला 2,000 रुपये. दहावीनंतर केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. व्यावसायिक शिक्षणात प्रवेश घेताना जातवैधता प्रमाणपत्र लागते. आजोबांचा कागद नसलेल्या कातकरी किंवा कोलाम कुटुंबाला तेच मिळवताना नाकी नऊ येतात.

महाविद्यालयीन मुलांसाठी शासकीय वसतिगृहे आहेत, सुमारे 490, आणि तिथे गृहपाल असतो. जागा कायम अपुऱ्या. म्हणून 2016-17 मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आली. वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात राहण्या-जेवण्याचे पैसे जमा होतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये, लहान ठिकाणी त्याहून कमी. 2018 मध्ये काही वसतिगृहांची खानावळ बंद करून जेवणाचेही पैसे थेट खात्यात देण्याचे ठरले, तेव्हा जुलैमध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. त्यांची मागणी खानावळ पुन्हा सुरू करण्याची होती. पैसे उशिरा येतात, तोवर खोलीत चूल पेटवायला परवानगी नसते, आणि गावाकडून पैसे मागवावेत अशी कोणाच्या घरची स्थिती नसते, हे त्या मुलांनी वाटेवरच्या गावागावांत सांगितले.