अल्टरनेटर घरी बदलताय? इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढू नका

आमच्याकडून अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग) नेऊन घरच्या घरी बसवणाऱ्या सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत भागातल्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. हातात पाना धरायची सवय असेल तर जुनी मारुती ८००, ओम्नी, झेन, इंडिका, सुमो, बोलेरो यांचा अल्टरनेटर घरी बदलता येतो. त्याला आमची अजिबात हरकत नाही. अडचण वेगळीच आहे. नेलेला माल दोन दिवसांत परत येतो, "तुमचा पीस खराब आहे" म्हणून. तपासणीच्या बेंचवर लावला की डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा आतला भाग) शॉर्ट निघतो. मग आम्ही एकच विचारतो: चार्जिंग बघायला बॅटरीची तार काढली होती का? बहुतेक वेळा उत्तर येते, "हो, काढून बघितली की. गाडी बंद पडली नाही, म्हणजे चार्जिंग ओके होतं."

तिथेच तो अल्टरनेटर गेलेला असतो.

तार काढल्यावर काय होते

गाडी चालू असताना बॅटरी नुसती चार्ज होत नसते, अल्टरनेटरचा व्होल्टेज धरून ठेवायचे कामही तीच करते. बॅटरीकडे २०-३० अँपिअर करंट जात असताना तुम्ही टर्मिनल उचकटले की त्या करंटला जायला जागा उरत नाही. रोटरमधले, म्हणजे आत फिरणाऱ्या भागातले, चुंबकत्व एका क्षणात उतरत नाही आणि व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरला सावरायला वेळ मिळत नाही. त्या निमिषार्धात १२ व्होल्टच्या गाडीत ८० ते १०० व्होल्टपर्यंत झटका बसू शकतो. सगळे डायोड बसवलेली डायोड प्लेट आणि रेग्युलेटर तो सोसत नाहीत. पेट्रोल गाडी एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी) असेल तर इंजिनचा कॉम्प्युटरही धोक्यात येतो आणि त्याची किंमत अल्टरनेटरच्या कितीतरी पट असते. चालू हेडलाइटचे बल्ब उडाले तर ते सगळ्यात स्वस्तात सुटले म्हणायचे.

ही पद्धत आली जुन्या डायनामोच्या काळातून. त्यात डायोडच नव्हते, त्यामुळे ती खपून गेली. वयस्क मिस्त्री अजूनही तसेच तपासतात. त्यांच्या हाताला आम्ही नावे ठेवत नाही, पण अल्टरनेटरला ही तपासणी चालत नाही.

शिवाय तिच्यातून कळत काहीच नाही. सहापैकी एक डायोड उडालेला अल्टरनेटरसुद्धा पेट्रोल गाडीचे इग्निशन चालू राहील इतका करंट देतो. मेकॅनिकल पंपाच्या आणि दोरीने बंद होणाऱ्या जुन्या डिझेल गाडीला तर चालायला करंट लागतच नाही. अल्टरनेटर उतरवून ठेवला तरी ती फिरत राहील. म्हणजे गाडी बंद पडली नाही यावरून चार्जिंग आहे असे ठरत नाही. उलट चांगला अल्टरनेटरही बॅटरीशिवाय मंद रेसवर कधी कधी गडबडतो, आणि गिऱ्हाईक चांगला पीस खराब समजून घेऊन येते.

तपासायचे ते मीटरने

साधा डिजिटल मल्टिमीटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि प्रोब थेट बॅटरीच्या खांबांवर टेकवा, क्लॅम्पवर नको. गाडी रात्रभर उभी असेल तर चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, १२ च्या खाली म्हणजे उतरलीच. आता गाडी चालू करा आणि थोडी रेस द्या. १३.८ ते १४.५ आले म्हणजे चार्जिंग बरोबर आहे. मग हेडलाइट, ब्लोअर, मागची काच गरम करायची तार असेल तर ती, सगळे लावा. मंद रेसवर आकडा थोडा खाली येईल, पण रेस दिल्यावर १३.५ च्या वर जायला हवा. एप्रिल-मे मध्ये बॉनेटखाली भट्टी झालेली असताना १३.६ दिसले तर घाबरू नका. तापल्यावर रेग्युलेटर मुद्दाम थोडे कमी देतो. १५ च्या वर मात्र गाडी चालवू नका, बॅटरीचे पाणी उकळून जाईल.

आता मीटर एसी व्होल्टवर घ्या, इंजिन आणि लाइट चालूच ठेवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर एखादा डायोड गेलेला आहे. बॅटरी रात्रीत उतरते आणि दिवसा चार्जिंग ठीक दिसते, अशा गाडीत दोष बऱ्याचदा इथेच सापडतो.

विकत घेण्याआधी

अल्टरनेटर विकणे हा आमचा धंदा, तरी सांगतो: चार्जिंग नाही म्हणून आलेल्या प्रत्येक गाडीला अल्टरनेटर लागत नाही. फॅन बेल्ट बघा. व्ही बेल्ट पुलीच्या दोन्ही बाजूंना घासून चालायला हवा. तो झिजून खोबणीच्या तळाला टेकला की तळ आरशासारखा चकाकतो, आणि मग कितीही ताणा, लोड आला की तो घसरणारच. त्यानंतर चावी ऑन करा, पण सेल्फ मारू नका. बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरांना सुरुवातीचा करंट या दिव्यातूनच मिळतो. दहा-वीस रुपयांचा बल्ब उडालेला असतो आणि लोक अल्टरनेटर उतरवून आणतात.

इंजिन ते बॉडी जाणारी अर्थिंगची पट्टी हाही नेहमीचा दोष. इंजिन चालू आणि हेडलाइट लावलेले असताना मीटरचा एक प्रोब अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दुसरा बॅटरीच्या मायनसवर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर पट्टी काढून दोन्ही टोके पॉलिश पेपरने लख्ख करा. तसेच अल्टरनेटरचा जाड बी प्लस बोल्ट (बॅटरीकडे जाणारी तार लागते तो) ते बॅटरीचा प्लस असे बघा. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर फरक आला तर वायर किंवा तिच्या टोकाची थिंबल जळलेली आहे, तिथे नवा अल्टरनेटर बसवूनही उपयोग नाही.

हे सगळे ठीक असूनही चार्जिंग नसेल तर काढून घेऊन या. पुष्कळदा नुसते कार्बन ब्रश झिजलेले असतात. ते पाच मिलिमीटरच्या खाली आले की बदलायचे. असा पीस आम्ही ब्रश टाकून परत देतो, नवा गळ्यात मारत नाही.

काढताना, बसवताना

मारुतीला १०, १२ आणि १४ चे पाने लागतात, टाटा-महिंद्राला बहुधा १३ आणि १७. गोटी पाना (सॉकेट) आणि एक टॉमी (लोखंडी दांडा) जवळ असू द्या. चावी काढून घ्या, इंजिन गार होऊ द्या आणि सगळ्यात आधी बॅटरीची मायनस तार काढून बाजूला बांधून ठेवा. इंजिन बंद असताना तार काढायलाच हवी. बी प्लसच्या बोल्टवर थेट बॅटरीचा करंट असतो. तिथला नट खोलताना पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते आणि मेन फ्यूज जातो, कधी वायरिंगही.

वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. पिव्हटचा बोल्ट (ज्यावर अल्टरनेटर झुलतो तो) आणि वरचा अॅडजस्टिंगचा बोल्ट ढिला करा, अल्टरनेटर इंजिनकडे ढकला, बेल्ट उतरवा. खालून हात घालावा लागत असेल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, स्टँड लावा.

पिव्हटच्या बोल्टवर, कानाच्या आत, एखादा जाड वायसर किंवा बुश असतो. जुना अल्टरनेटर जमा करताना तो त्यालाच चिकटून आमच्याकडे येतो आणि गाडीत नवा त्याच्याशिवाय बसतो. मग पुली दोन-तीन मिलिमीटर आत-बाहेर होते, बेल्ट किंचाळतो आणि थोड्याच दिवसांत कडेने उसवतो. वायसर काढून बोल्टवरच ओवून ठेवा. नेण्याआधी काउंटरवर दोन्ही पीस शेजारी ठेवून पुलीच्या खोबणी, कानांची जाडी आणि मागच्या प्लगच्या पिना जुळतात का ते बघून घ्या. आम्हीही बघतो, पण गाडी तुमच्या ओळखीची असते.

बी प्लसचा नट घट्ट हवा, पण बोल्टच फिरेल इतका पिळू नका. बोल्ट फिरला की आत डायोड प्लेटचा जोड सुटतो. ढिला राहिला तर तापून प्लास्टिक वितळते. वरची रबरी टोपी आठवणीने चढवा.

बेल्ट टॉमीने ताणताना टेकू लोखंडी बॉडीच्या पुढच्या भागावर द्या, मागच्या कव्हरवर नको, ते तडकते. बेल्ट सगळ्यात लांब भागात मध्यावर अंगठ्याने जोरात दाबला की ६ ते १० मिलिमीटर खाली जावा. तारेसारखा ताणाल तर अल्टरनेटर आणि वॉटर पंप, दोघांचेही बेअरिंग लवकर जाईल. नवा बेल्ट असेल तर दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा ताणा, तो थोडा सैलावतोच.

डिझेल गाडीवाल्यांनी हे नक्की वाचा

जुनी सुमो, इंडिका, बोलेरो अशा अनेक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असतो आणि ब्रेकच्या बूस्टरला (पेडल हलके करणाऱ्या डब्याला) व्हॅक्यूम तोच देतो. त्याला इंजिनमधून ऑइलची नळी येते आणि एक नळी परत जाते. बोल्टखालचे तांब्याचे वायसर नवे टाका, जुने पुन्हा लावले की ऑइल पाझरते. बसवण्याआधी पंपाच्या ऑइलच्या तोंडात दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि पुली हाताने चार-पाच वेळा फिरवा. कोरडा फिरला तर पंप पहिल्या काही मिनिटांतच जाम होतो. व्हॅक्यूमची नळी कडक किंवा चिरलेली असेल तर बदलूनच टाका.

रस्त्यावर जाण्याआधी इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पेडल कडक होईल. ते दाबून धरूनच गाडी चालू करा. पेडल थोडे खाली गेले पाहिजे. गेले नाही तर गाडी जागेवरून हलवू नका.

उतरलेल्या बॅटरीवर नवा अल्टरनेटर नको

बसवून झाल्यावर लोक तीच उतरलेली बॅटरी लावतात, धक्का मारून गाडी चालू करतात आणि "चालवली की होईल चार्ज" म्हणून निघतात. नवा अल्टरनेटर मग तासभर पूर्ण जोरावर राबतो आणि तापतो. बॅटरी आधी बाहेर चार्ज करून घ्या. ३५ एएचची बॅटरी साडेतीन अँपिअरवर लावली तर साधारण दहा-बारा तास लागतात. लावताना प्लस आधी, मायनस शेवटी. उलटी लावली तर सेल्फ मारायच्या आतच डायोड जळतात, त्याला गॅरंटी देता येत नाही.

ट्रकवरून जंप देऊ नका, बहुतेक ट्रकना २४ व्होल्ट असतात. गाडीच्या बॉडीला कुठेही वेल्डिंग करायचे असेल, हुक असो की कॅरिअर, तर बॅटरीच्या दोन्ही तारा आधी काढा. हेडलाइटला १००/९० चे बल्ब टाकले असतील तर नुसते दोन डिपर पंधरा अँपिअर खातात. छोट्या मारुतीचा अल्टरनेटर मंद रेसवर त्याला पुरत नाही आणि दोष आमच्या पीसवर येतो.

ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ च्या पुरात पाण्यात गेलेली गाडी तुम्ही वापरलेली म्हणून घेतली असेल, तर ते आधी सांगा. कृष्णेचा गाळ बेअरिंगमध्ये आणि ब्रश घासतात त्या स्लिप रिंगवर बसतो. असा अल्टरनेटर वरून धुऊन चालत नाही, पूर्ण खोलावा लागतो. त्या गाडीचे अर्थिंगचे जोडही एकदा उघडून बघा.

गॅरंटीबद्दल

आमच्याकडून जाणारा प्रत्येक पीस, नवा असो की रिपेअर केलेला, तुमच्यासमोर बेंचवर चालवतो आणि व्होल्टेज-अँपिअरचा आकडा बिलावर लिहून देतो. परत आला तर पुन्हा तुमच्यासमोरच लावतो. बेअरिंग, ब्रश किंवा रेग्युलेटर आपसूक गेला असेल तर बदलून देतो, पैसे नाहीत. पण डायोड शॉर्ट निघाला तर डायोड प्लेटचे पैसे घेतो, मजुरी घेत नाही. काही ग्राहकांना हे कडक वाटते. पण एकदा बेंचवर लोड घेऊन दाखवलेली प्लेट दोन दिवसांत जाते ती बहुधा तार काढण्याने, उलट्या बॅटरीने किंवा वेल्डिंगने, आणि त्याचा खर्च बाकीच्या ग्राहकांच्या दरात टाकणे आम्हाला पटत नाही.

मीटर नसेल तर गाडी घेऊन दुकानावर या. चार्जिंग बघायला दहा मिनिटे लागतात आणि त्याचे पैसे आम्ही घेत नाही, पीस दुसरीकडून घेतला असला तरी. सुटा अल्टरनेटर आणणार असाल तर पुली आणि मागचे कव्हर त्यावर राहू द्या, प्लगची वायर कापून आणू नका, आणि गाडीचे मॉडेल, साल, पेट्रोल की डिझेल, एसी आहे की नाही हे लिहून आणा. बसवून झाल्यावर मीटरचा आकडा फोनवर कळवलात तर ठीक आहे की नाही ते लगेच सांगू.